चटणीचा डंक

त्या वेळी मी ग्रामसेविका होते आणि माझ्या ताब्यात सहा शिवणयंत्रं होती. इस्लामपूरहून शिराळ्याकडं जाताना मध्ये जी गावं लागतात, त्यांतली सात माझ्याकडं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. खेड्यातल्या बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं असं सरकारच्या मनात आलं होतं, आणि सरकारच्या मते त्या पायांखाली शिवणयंत्राचं पायडल आलं की काम फत्ते. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू? मी सांगलीची, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग घेतलेली, सायकल चालवणारी, तोंडाची फटकळ. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय होतं.

एका गावात मारुतीच्या देवळामागं शिवणवर्ग काढला. पंधरा बायका आल्या. कापायला शिकल्या, काजं करायला शिकल्या, सहा महिन्यांत पोलकी शिवायला लागल्या. आणि मग सगळं ठप्प. गावात शिंपी होता. शिंप्याला दंडाचं माप कळलेलं चालतं, पण शेजारणीला कळलं तर ती पाणवठ्यावर सांगणार, अशी प्रत्येकीला धास्ती. एकीनं दुसरीकडं पोलकं शिवायला टाकलं नाही ते नाहीच. घरोघर वाटून दिलेल्या यंत्रांवर धूळ बसली. एका घरात तर मी गेले तेव्हा यंत्रावर लाल कापड अंथरून देव मांडलेले होते आणि पायडलवर कोंबडी अंड्यावर बसली होती. मी रडावं का हसावं!

त्या वर्गात एक बाई शेवटच्या ओळीत बसायची. वय तिशीच्या आसपास, हाडापेरानं मजबूत, नजर सरळ. सहा महिन्यांत तिनं एक टाका घातला नाही, नुसती बघत बसायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. एक दिवस ती भर वर्गात म्हणाली, "बाई, ही यंत्रं कुणाच्या डोक्यातनं निघाली?"

"सरकारच्या," मी म्हटलं.

"सरकारला लय पोलकी लागत्यात व्हय?"

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि म्हटलं, तुला एवढं कळतंय तर तूच सांग, तुला काय पाहिजे. मला वाटलं गडबडेल. ती जराही गडबडली नाही.

"मला डंक पायजे," ती म्हणाली.

आता आमच्या सांगली-साताऱ्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची चिमूट नव्हे. चटणी म्हणजे वर्षभर कालवणात पडणारा कांदा-लसणाचा लाल मसाला. उन्हाळ्यात एकदाच करायची, बरण्यांत दाबून भरायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीच खायची. संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, धने-खोबरं-तीळ किती, हे प्रत्येक घरचं वेगळं, आणि प्रत्येक घराला वाटतं आपलीच चटणी खरी, बाकीच्यांची आपली अशीतशीच. मिरच्या कडक वाळवायच्या, देठं खुडायची, मसाले तेलात तळायचे, कांदा तांबूस करायचा आणि हे सगळं घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे विजेवर चालणारं कांडपयंत्र. खाली लोखंडी उखळ, वर लोखंडी मुसळ, मोटर चालू झाली की मुसळ धाडधाड वर-खाली होतं आणि चालवणारं माणूस मिरची त्याच्याखाली सारत राहतं. ज्या घरची चटणी त्या घरची बाई शेजारी बसून राखण करते, दुसऱ्याची मूठभरसुद्धा आपल्यात मिसळू नये म्हणून. शिंकते, खोकते, डोळे पुसते, पण उठत नाही.

जवळचा डंक इस्लामपूरला. पोती घेऊन एस्टीनं नाहीतर बैलगाडीनं जायचं, दिवसभर नंबर धरायचा, आणि डंकवाल्या बाप्याचं बोलणं ऐकून घ्यायचं. शिवाय उखळाच्या तळाला चिकटून राहिलेली चटणी डंकवाल्याची, असा रिवाज. ती दोन मुठी चटणी सोडून येताना बायकांचा जीव तीळ तीळ तुटायचा. अक्कानं हे सगळं हेरून ठेवलं होतं. सहा महिने ती माझ्या वर्गात बसली ती शिवण शिकायला नव्हे, सरकार यंत्र देतं हे ऐकून आली होती. कुठलं यंत्र, एवढंच तिला बदलून हवं होतं.

डंक तिला एवढा का हवा होता, ते मला तिच्या भावजयीकडून कळलं. अक्काला माण तालुक्यात दिलेली. बागायती गावातली पोर त्या कोरड्या मुलखात कोण देतं? पण मुलगा मुंबईला गिरणीत होता, म्हणून दिली. नवऱ्यानं मुंबईत दुसरी ठेवली आणि हिला माणात आईजवळ. सासूची सेवा करायची, शेरडं राखायची, दोन कोसावरून पाणी आणायचं. चार वर्षं तिनं ते काढलं. पाचव्या वर्षी दुष्काळात माघारी आली ती गेलीच नाही. आता सासरचे निरोपावर निरोप धाडत होते, की आम्ही काही टाकलेली नाही, नांदायला पाठवा, म्हातारीला पाण्याला माणूस नाही. भाऊ वाईट नव्हता. भावजयसुद्धा वाईट नव्हती. पण लेकीनं नांदायचं असतं, आणि गाव विचारत होतं.

शेवटी भावानं एक मुदत घातली. विहिरीवरची जुनी मोटर देतो, उसाच्या फडाकडेचं छप्पर देतो, एक उन्हाळा बघ. मिरगाचा पाऊस येईपर्यंत डंक चालला तर चालला. नाहीतर मिरगाला मीच तुला माणात घालवून येतो. हे तो माझ्यासमोर बोलला आणि बोलताना खाली बघत होता.

माझं काम होतं ऑफिसातून डंक मिळवायचं. साहेब म्हणाले, "महिलांच्या योजनेत डंक बसत नाही. ते पुरुषांचं यंत्र आहे."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी वर्षाची चटणी कोण करतं?"

"मिसेस करतात."

"आणि कुटायला कुठं जातात?"

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. मागच्याच वैशाखात त्यांच्या बाईसाहेब रणरणत्या उन्हात इस्लामपूरच्या डंकावर नंबर धरून उभ्या होत्या, हे मला माहीत होतं. कारण मीच त्यांच्या मागं उभी होते. तरी तीन महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. मी दर आठवड्याला जाऊन भांडले. एकदा तर मी सांगितलं की सहाच्या सहा शिवणयंत्रं परत आणून ऑफिसच्या दारात ठेवते, अंडी घालणाऱ्या कोंबडीसकट. त्यानंतर सही झाली.

शिमग्याच्या सुमाराला सांगलीहून डंक आला. अक्का आधीच इस्लामपूरला जाऊन तीन दिवस डंकावर नुसती उभी राहून आली होती. हात कुठं ठेवायचा, पट्टा कधी ताणायचा, मुसळाच्या लयीत मिरची कशी सारायची, सगळं डोळ्यांनी उचललं. पाडव्याला नारळ फोडला. मी भाषण केलं. चांगलं पाऊण तास केलं, देवा! बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. गावातल्या बायका मिरच्यांची पोती घेऊन अक्काच्या छपरासमोरून एस्टीला जायच्या आणि इस्लामपूरला उतरायच्या. अक्का रोज सकाळी डंक पुसायची, उंबऱ्याला हळदीकुंकू लावायची आणि दारात बसून राहायची.

मला वाटलं, टाकलेली बाई म्हणून हे चाललंय. माझा संताप संताप झाला. घरोघर फिरले. स्त्रीच स्त्रीची वैरी कशी होते, यावर बोलले. बायका "व्हय व्हय, बरूबर हाय" म्हणायच्या आणि चहा द्यायच्या. पंधरा दिवसांत मी इतका चहा प्यायले की पित्त उसळलं.

शेवटी सुभेदारीणकाकींनी मला बसवून घेतलं. फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या म्हाताऱ्याची ही बायको. नवरा पलटणीत हुकूम सोडायचा आणि काकी गावात. त्यांनी मिरच्या वाळत घातल्या की गाव मिरच्या वाळत घालायचं.

"बाई, आता खरं सांगू का?" काकी म्हणाल्या. "टाकलेली म्हून कुणी मागं सरत न्हाई. आमच्याच गावची लेक हाय ती. आमी काय जनावरं हाय व्हय?"

"मग काय झालंय तरी काय?"

काकींनी आवाज खाली केला. "ती बाईमाणूस हाय. महिन्याचं चार दिस येणारच. त्या दिसांत तिचा हात लागला आन् चटणीला बुरा आला तर? वर्साची चटणी हाय, बाई. इस्लामपूरचा डंकवाला बाप्या हाय, तिथं ह्यो सवालच न्हाई. हिचं आमाला कळणार कसं?"

झालं! माझी जी गाडी सुटली! शरीरशास्त्र सांगितलं, आरोग्य सांगितलं, विटाळ बिटाळ सगळं थोतांड आहे म्हणून सांगितलं, विसावं शतक सांगितलं. काकी शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "चा टाकू?"

मी तणतणत अक्काकडं गेले. तिला सगळं सांगितलं आणि वर अक्कल शिकवली, की यात काही अवघड नाही. कुणाला काय कळतंय? गप चालव. विचारलंच तर नाही म्हण.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "बाई, एक इचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचार."

"त्या चार दिसांत तुमी तुमच्या आईच्या लोणच्याच्या बरणीला हात लावता?"

सांगलीच्या आमच्या घरी त्या दिवसांत मी फडताळाकडं फिरकत नव्हते. आई म्हणायची म्हणून नव्हे, माझा स्वतःचाच हात पुढं व्हायचा नाही. गावोगाव भाषणं करणारी मी! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग ह्यांना कशाला रागं भरताय?" अक्का म्हणाली. "त्यांचं भ्या खरं का खोटं, मला ठावं न्हाई. पण मी लपवून चालवला, आन् शंभरातल्या एकीची जरी चटणी बिघडली, मिरची वल्ली ऱ्हायली म्हून बिघडली तरी, नाव माझंच येणार. एकदा नाव गेलं की डंक गेला. आन् डंक गेला की मी माणात."

मला वाटलं ती आता हरली. ती कसली हरते! दुसऱ्या दिवशी तिनं काकींच्या दारात जाऊन सांगितलं की त्या दिवसांत डंक बंद राहील. नुसता बंद नाही. छपरासमोर लिंबाखाली एक सपाट दगड होता, त्या दगडावर ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून राहील, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकीला लांबूनच दिसेल. विचारायला नको आणि शंका नको.

आणि ती बसली. चैत्राच्या उन्हात, भर रस्त्याला तोंड करून, चार दिवस. घरात बाजूला बसणं निराळं आणि असं चव्हाट्यावर बसणं निराळं. एस्टीतून माणसं वाकून बघायची. पारावरचा एक रिकामटेकडा हसत हसत म्हणाला, "काय अक्का, आज डंकाला सुट्टी कशाची गं?"

"तुझ्या आयेला इचार जा," अक्का म्हणाली. "ती सांगंल कशाची ते."

तो जो गेला तो महिनाभर त्या रस्त्याला आला नाही.

मी मात्र तिच्यावर चिडले होते. त्या चार दिवसांत दोनदा सायकल तिच्यासमोरून नेली, पण उतरले नाही. मला वाटायचं, मी इथं अंधश्रद्धा घालवायला आले आणि ही बया तिचा जाहीर बोर्ड लावून बसली. तिला उन्हात काय सोसावं लागत होतं, हे मला दिसत होतं आणि तरी मी चिडले होते. आज त्याचं फार वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी अक्का न्हाऊन डंकावर आली आणि काकींची थोरली सून थोड्याशा मिरच्या घेऊन आली. नमुन्याला. अक्कानं त्या अशा कुटल्या की मैद्यासारखी चटणी उतरली. तीनदा चाळली. शेवटी उखळाच्या तळाची चटणी कुंच्यानं झाडून काढली आणि तीही सुनेच्या डब्यात घातली.

"ही तुझी ना?" सून म्हणाली. "डंकवाल्याची असती."

"मिरची तुमची, तळ बी तुमचा."

मग उखळात खडेमीठ टाकून ते घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, दुसरीची चटणी पडायच्या आधी. हे कुणी तिला शिकवलेलं नव्हतं. ती सून घरी गेली आणि तळाच्या चटणीची गोष्ट दिवस मावळायच्या आत अख्ख्या गावात झाली. दुसऱ्या दिवशी सहाजणी आल्या. त्या आठवड्यात ओळ लागायला लागली. मग शेजारच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. अक्काचे हात लाल, पापण्या लाल, डोक्याला फडकं, आणि त्या धाडधाडीत तिचा आवाज: "जरा मागं सरा काकू, मुसळाला डोळं न्हाईत!" मला तिच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. माझ्या सहा यंत्रांनी जे केलं नाही ते या बाईनं दीड महिन्यात केलं होतं. ओळीतल्या दोघी-तिघींनी तर विचारायला सुरुवात केली होती की आम्हाला शेवया करायचं यंत्र मिळंल का.

एक गंमत मात्र झाली. अक्काचे दिवस अख्ख्या गावाच्या तोंडपाठ झाले. "अक्का पंचमीला बसंल, त्याच्या आत उरकू," असं बायका विहिरीवर उघड बोलायच्या. लग्नाची चटणी कधी करायची, ते भटजीच्या आधी अक्काच्या हिशेबानं ठरायचं. एखाद्या बाईचे दिवस असे गावानं पंचांगासारखे धरल्याचं मी तरी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

आणि इथंच गाव चुकलं. बाईचं शरीर म्हणजे काही पंचांग नव्हे. वैशाखात अक्काला दोन दिवस आधीच अडचण आली.

काकींच्या नातीचं लग्न पाच दिवसांवर होतं. काकींनी दिवस मोजून, आजच उरकायचं म्हणून पहाटेपासून सुनांना कामाला लावलं होतं. मसाले तळून झाले, कांदा भाजून झाला, खोबरं किसून झालं. तळलेला मसाला ठेवता येत नाही, मऊ पडतो आणि मग चटणी टिकत नाही. त्यात शिराळ्याच्या डोंगरावर वळवाचे ढग चढायला लागले होते. दुपारी काकींची बैलगाडी छपरासमोर येऊन थांबली, पातेल्यांनी आणि पोत्यांनी भरलेली. समोर दगडावर अक्का बसलेली. तिच्या आजूबाजूला अशाच मोजणीत फसलेल्या आठ-दहा बायका, आपापली गाठोडी धरून बसलेल्या. योगायोगानं मी तिथं होते.

भाऊ फडातून धावत आला. "काकी, मी चालवतो," तो म्हणाला.

"तुला कळ तरी दाबता येती का रं?" काकी म्हणाल्या. "बोटं कुटून माझ्या चटणीत घालशील."

मग त्या गाडीतून उतरल्या आणि थेट दगडाजवळ गेल्या. अक्का मान खाली घालून बसली होती.

"कवापास्नं?" काकींनी विचारलं.

"आज सकाळपास्नं, काकी. दोन दिस आधीच झालं. माझ्या हातात न्हाई ते."

"तू हितं बसली नसतीस, तर मला कळलं असतं?"

"न्हाई."

"डंक चालवला असतास, तर ह्या समद्यांतल्या कुणाला कळलं असतं?"

"न्हाई, काकी."

"बायकांची ओळ दारात हुबी हाय. मिरीग तोंडावर आलाय. भाऊ तुला माणात घालवणार हाय, हे साऱ्या गावाला ठावं हाय. तरी तू दगडावर बसलीयास?"

"तुमीच इचारलं हुतं," अक्का म्हणाली, "आमाला कळणार कसं म्हून."

काकींनी एकदा ढगांकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मला त्यांच्या तोंडावरचं काही कळेना. काकी गाडी वळवून इस्लामपूरला गेल्या असत्या तर त्यांच्यामागं सगळं गाव गेलं असतं, आणि मिरगाला बारा दिवस उरले होते.

"ऊठ," काकी म्हणाल्या. "हात धू. माझी चटणी कूट."

अक्कानं वर बघितलं. "आवं काकी, मी बाजूला हाय."

"ऐकलं मी. भैरी न्हाई. माझ्या घरात तीन सुना हायत, त्यांचं खरं मला कवा कळतं, कवा न्हाई. तुझं मला कळलं. ऊठ."

"आन् बिघडली तर?"

"बिघडली तर माझी बिघडंल. वरीसभर मी ती खाईन, आन् तुझं नाव कुणाजवळ काढणार न्हाई."

बायकांत कुजबुज झाली. दोघींनी गाठोडी उचलली आणि निघून गेल्या, त्यांचं मी वाईट म्हणत नाही. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. अक्का अजून दगडावरच होती. मी रांजणातून तांब्या भरून आणला आणि तिच्या हातावर पाणी घातलं. ती हात चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि त्या वेळी अजून एकही मिरची उखळात पडलेली नव्हती. पुढं मी बत्तीस वर्षं नोकरी केली. बक्षिसंही मिळाली. पण नोकरीतलं माझं सगळ्यात मोठं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी सांगते की मी एका बाईच्या हातावर पाणी घातलं.

ती चटणी बिघडली नाही. ते कळायला दिवाळी उजाडावी लागली, तोवर काकी दर बाजाराला बरणी उघडून बघायच्या, आणि मीही जाऊन बघायचे. दोघीही एकमेकींना ते कबूल करत नव्हतो.

पण दिवाळीच्या आधी मिरीग येणार होता, आणि मिरगाच्या आधी तिचा नवरा आला. डंक चालतो हे माणापर्यंत पोचलं असणार. टेरिलीनचा शर्ट, पांढरी टोपी, बरोबर एक वयस्क मामा. रिवाज असा, की जावई दारात आला की घोंगडं अंथरायचं, गूळपाणी द्यायचं. भावानं पाणी दिलं. घोंगडं मात्र अंथरलं नाही. मी छपराच्या कडेला ओळीतल्या बायकांशी बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

नवरा भावाला म्हणाला, "आईला आता हुत न्हाई. न्यायला आलोय. आन् डंक बी घेऊन जाऊ की. आमच्याकडं बी मिरची कुटत्यातच."

मामा म्हणाले, "मुदत तुमीच घातली हुती म्हनं, पाव्हनं. मिरीग परवावर आला. तुमी सांगाल तसं."

सगळ्या बायका भावाकडं बघायला लागल्या. मीही. त्याच्या 'व्हय' मध्ये तिचं सगळं आयुष्य जाणार होतं, आणि 'न्हाई' म्हणायची आमच्याकडं भावांना सवय नाही. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"दाजी, मला काय इचारताय?" तो म्हणाला. "डंक तिचा हाय. तिलाच इचारा."

नवरा छपराच्या तोंडाशी गेला. आत मुसळ धाडधाड चालू होतं. एका घरची चटणी उखळात असताना अक्का मोटर बंद करत नसे, मग कोणीही येवो. त्यानं हाका मारल्या, तिनं मान वर केली नाही. त्याला जो ठसका लागला! खोकून खोकून टोपी हातात आली, डोळे पुसता पुसता शर्टाची बाही लाल झाली. ओळीतल्या बायका पदराआड हसत होत्या आणि तो मागं सरत सरत त्यांच्या पाठीमागं, हातात काही नसलेला, उभा होता.

ती चटणी पुरी झाली. अक्कानं तीनदा चाळली. तळ झाडला, बाईच्या डब्यात घातला, झाकण दाबून दिलं. मग मोटर बंद केली. एकदम एवढी शांतता झाली की लिंबावरचे कावळे ऐकू आले. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं आणि नवऱ्याकडं नीट बघितलं. पाच वर्षांनी बघत होती.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आन् डंक बी येत न्हाई."

मग फडकं पुन्हा डोक्याला बांधलं, उखळात खडेमीठ टाकलं आणि ओळीकडं वळून म्हणाली, "पुढची कुणाची?"